चिलखत घातलेला मांत्रिक : घरच्या नियमांचा मसुदा आणि काही शंका

भुईकोट (धागाकर्ता)

आमचा छोटा गट जुळे सोलापुरात रविवारी दुपारनंतर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो आणि सध्या डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराची, खुर्ची माझ्याकडे आहे. मोहीम सोळाव्या शतकातल्या दख्खनवर बेतलेली असून आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून चाललेला तंटा हा तिचा कणा आहे. त्या किल्ल्याच्या तळघरात गटाला एक हाफ प्लेट चिलखत (या आवृत्तीत मध्यम गटातले पोलादी चिलखत) सापडले. आमचा योद्धा आधीच फुल प्लेटमध्ये वावरत असल्यामुळे त्याला त्याचे काही अप्रूप नव्हते, म्हणून आमच्या एल्फ वंशाच्या विझार्डने (मांत्रिकाने) ते अंगावर चढवले आणि 'आता मला मंत्र टाकता येतील का?' असा सरळ प्रश्न केला.

पुस्तकाचे उत्तर तितकेच सरळ आहे. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकनुसार ज्या चिलखताची प्रोफिशियन्सी (वापरण्याची सवय) नाही ते घातले की ताकद आणि चपळाई यांच्याशी संबंधित प्रत्येक फेकीवर डिसअॅडव्हान्टेज येतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो, आणि मंत्र तर टाकताच येत नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही हे कायम आहे. उलट प्रोफिशियन्सी असेल, तर नखशिखांत पोलादात असलेल्या विझार्डलाही कसलीच अडचण येत नाही. म्हणजे २०१४ च्या पुस्तकातला डोंगराळ ड्वार्फ विझार्ड पहिल्या पातळीपासून (पातळी म्हणजे पात्राच्या अनुभवाचा टप्पा) हाफ प्लेट घालून खुशाल मंत्र टाकू शकतो, कारण मध्यम चिलखताची सवय त्याला वंशानेच मिळते, आणि त्याच्या शेजारी तेच चिलखत घालून उभ्या असलेल्या एल्फला एका शब्दाचा मंत्रही उच्चारता येत नाही. मधली पायरी कुठेच नाही, आणि मला नेमकी तीच हवी आहे.

मसुदा असा आहे. प्रोफिशियन्सी नसलेल्या चिलखतात निव्वळ उच्चाराचे मंत्र नेहमीप्रमाणे टाकता येतील. हातवारे लागणारा मंत्र असेल, तर हलक्या चिलखतात जादा किंमत नाही, मध्यम चिलखतात एक पायरी वरचा स्लॉट (स्लॉट म्हणजे मंत्र टाकण्याची दिवसातली मोजकी संधी, पायरी म्हणजे मंत्राची प्रत) आणि जड चिलखतात दोन पायऱ्या वरचा स्लॉट खर्च होईल, मात्र परिणाम मूळ पायरीचाच मिळेल. हातवाऱ्यांचे कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे मंत्र) मध्यम आणि जड चिलखतात चालणार नाहीत. ताकद-चपळाईचा डिसअॅडव्हान्टेज पुस्तकात आहे तसाच राहील. कल्पना सर्वस्वी माझी नाही. तिसऱ्या आवृत्तीत 'स्टिल स्पेल' नावाचे फीट (पात्राने निवडून घ्यायचे खास कसब) होते, ज्यात एक पायरी वरचा स्लॉट मोजून हातवाऱ्यांशिवाय मंत्र टाकता येत असे. मी ती किंमत चिलखताला लावली, इतकेच.

हा नियम फार सैल होतो का, की फार जाचक, आणि टेबलावर तो आठवत बसण्याचा त्रास किती होईल, हे जाणकारांनी सांगावे.

बाराबंदी

मसुदा वाचला. हेतू चांगला आहे, पण यात धाकधूक कुठे आहे? २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने आणि २००३ च्या तिच्या सुधारित रूपाने हा प्रश्न टक्क्यांनी सोडवला होता आणि माझ्या मते त्याहून चांगले उत्तर नंतर कोणी दिलेले नाही. प्रत्येक चिलखतापुढे मंत्र फसण्याची टक्केवारी छापलेली असे. लेदरला १०, चेन शर्टला २०, चेनमेलला ३०, फुल प्लेटला ३५, हाफ प्लेटला ४० आणि टॉवर शील्डला, म्हणजे अंगभर ढालीला, ५० टक्के. मिथ्रल या कल्पित हलक्या धातूचे चिलखत मिळाले की त्यातून १० वजा होत. हातवारे नसलेल्या मंत्रांना हा जाच नव्हता, म्हणजे तुमच्या मसुद्यातली पहिली सवलत तेव्हाही होतीच. सुधारित रूपात बार्डला (गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राला) हलक्या चिलखतापुरती या टक्केवारीतून सूटही मिळाली.

त्याआधीचा इतिहासही ध्यानात घ्यावा. १९७४ च्या मूळ संचात मॅजिक-यूझरला, म्हणजे आजच्या विझार्डला, चिलखत वर्ज्य होते आणि शस्त्र म्हणून फक्त खंजीर होता. पण त्याच संचात एल्फला जादूचे चिलखत घालून मंत्र टाकण्याची मुभा होती आणि १९८१ च्या बेसिक संचातला एल्फ तर हवे ते चिलखत घालून मंत्र टाकत असे. तेव्हा तुमच्या टेबलावर एल्फने चिलखत मागणे हे नवे फॅड नाही, ते या खेळाइतकेच जुने आहे.

टक्केवारीची खरी मजा अशी की, फासा पडेपर्यंत सगळ्यांचा श्वास अडकलेला असतो. आमच्या जुन्या गटात फुल प्लेट घातलेल्या विझार्डने फायरबॉल (आगीचा गोळा) टाकला आणि दोन दहाफाशांवर नेमके ३४ आले, म्हणजे ३५ च्या आत, आणि मंत्र फसला. ३६ आले असते तर समोरचे सगळे ट्रोल भाजले असते. त्या एका आकड्याची चर्चा आम्ही चहाच्या टपरीपर्यंत केली.

त्रैराशिक

काका, ती चर्चा बाकीच्यांनी केली असणार. ज्याचा फायरबॉल गेला त्याचा तिसऱ्या पायरीचा स्लॉट गेला, पाळी गेली आणि पुढची पाळी येईपर्यंत तो मोबाइल बघत बसला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

गणित करून पाहू. एका लढाईत विझार्ड चार फेऱ्यांत चार मंत्र टाकतो असे धरले, तर चेन शर्टमध्ये चारही मंत्र लागण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के येते. फुल प्लेटमध्ये ती जेमतेम १८ टक्के आणि हाफ प्लेटमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक लढाईत निदान एक पाळी वाया जाणार हे आधीच ठरलेले असते, फक्त ती कोणती हे फासा सांगतो. त्यामुळे तेव्हाचे शहाणे खेळाडू चिलखताच्या वाटेला जातच नसत आणि टक्केवारीचा तक्ता व्यवहारात मनाई हुकमासारखाच चालत असे.

२००९ च्या पाथफाइंडर या त्याच घराण्यातल्या खेळाने त्यावर फीटचे ठिगळ लावले. ते घेतले की दर पाळीत एक छोटी कृती खर्चून १० टक्के कमी करता येत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने टक्केवारी मुळातूनच काढली आणि २०१९ च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत तर सवय नसलेले चिलखत घातले तरी मंत्र अडत नाहीत, फक्त त्या चिलखताचा बचाव पुरा मिळत नाही.

आता मसुद्याकडे वळतो. पाचव्या पातळीच्या विझार्डकडे पहिल्या पायरीचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन असे नऊ स्लॉट असतात. हाफ प्लेटमध्ये हातवाऱ्यांच्या मंत्रांसाठी त्यातले पाचच उपयोगी राहतात आणि फायरबॉल तर बादच होतो, कारण चौथ्या पायरीचा स्लॉट या विझार्डकडे नाही. या पातळीला नियम कडक आहे. अकराव्या पातळीला मात्र तो बराच सैल पडेल, कारण तोपर्यंत स्लॉट मुबलक होतात. मला त्यात गैर वाटत नाही, पण धागाकर्त्याने हे जाणून नियम करावा.

हलक्या चिलखताची सवलत निर्धोक आहे. विझार्डची चपळाई अधिक दोन असेल, तर स्टडेड लेदर या हलक्या चिलखतात आर्मर क्लास (फटका लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १४ होतो आणि चिलखताविना बचाव देणारा मेज आर्मरचा पहिल्या पायरीचा मंत्र आठ तासांसाठी १५ देतो. प्रोफिशियन्सी नसताना लेदर घालून वर डिसअॅडव्हान्टेज कोण ओढवून घेईल?

नवखा फासा

मी अलीकडेच खेळायला लागलो आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. क्लेरिकसुद्धा (पुजारी पात्र) मंत्रच टाकतो, मग त्याला चिलखत कसे चालते?

बाराबंदी

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. तिसऱ्या आवृत्तीत टक्केवारी फक्त विझार्ड-सॉर्सरर छापाच्या विद्येला लागू होती, देवाकडून मिळालेल्या मंत्रांना नव्हती. कारण दिले जाई ते असे की, विझार्डच्या हातवाऱ्यांत बोटाचा अंशही चुकून चालत नाही आणि क्लेरिकचे तसे नसते. खरे कारण समतोलाचे होते. क्लेरिकने पुढे उभे राहून मार खावा आणि विझार्डने मागे राहावे अशी ती विभागणी होती. पाचव्या आवृत्तीत हा भेद उरलेला नाही. तिथे क्लेरिकलाही प्रोफिशियन्सी नसलेल्या चिलखतात मंत्र टाकता येत नाही.

पळसफूल

ते हाफ प्लेट घालणारी विझार्ड माझीच आहे, तेव्हा माझी बाजूही मांडते.

मला कोणी 'नाही' म्हटल्याचे दुःख नाही. पण मी पोलादात शिरले आणि माझी सगळी विद्या जागच्या जागी थिजली, हे कथेतही पटत नाही आणि खेळतानाही रुचत नाही. बाराबंदी काकांच्या टक्केवारीत मला एकदाच निर्णय घेता येतो, तो चिलखत घालताना. त्यानंतर सगळे फाशाच्या हाती जाते. भुईकोट दादांच्या मसुद्यात मला प्रत्येक पाळीला ठरवायचे आहे की, हा मंत्र एवढी किंमत मोजून टाकण्याजोगा आहे का. मला हे दुसरे हवे आहे, मग ते महाग पडले तरी चालेल.

एक गोष्ट मात्र खटकते. मसुद्यात सगळी मदार चिलखताच्या वजनगटावर आहे. हातवारे तर हातांनी होतात. छातीवर पोलाद असल्याने बोटांना नेमके काय होते?

हातमाग

पळसफूल यांच्या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहितो. माझे आयुष्य कापडधंद्यात गेले आणि जुनी चिलखते पाहण्याचा नाद आहे, त्यामुळे नियमांपेक्षा वस्तूबद्दल बोलतो.

युरोपातल्या पंधराव्या शतकातल्या पूर्ण पोलादी पोशाखाचे वजन साधारण २० ते २५ किलो भरत असे आणि ते सगळ्या अंगावर वाटलेले असल्यामुळे घालणाऱ्याला पळता, वाकता, घोड्यावर चढता येत असे. हातमोज्यांचे दोन प्रकार होते. एकात चारही बोटे एका पत्र्याखाली झाकली जात, दुसऱ्यात प्रत्येक बोटाला पोटावर चामडे आणि पाठीवर खवल्यांसारख्या लहान पट्ट्या असत. दुसऱ्या प्रकारात बोटे सुटी हलतात, पण बोटाला बोट चिकटवून मुद्रा करायची म्हटली तर मध्ये पत्र्याची कड येते. तेव्हा अडचण मोज्यात आहे, छातीच्या पत्र्यात नाही. आपल्याकडच्या पोशाखात कोपरापासून मनगटापर्यंत दस्ताना असे आणि त्याला पंजा झाकणारा जाळीचा किंवा भरीव कापडाचा तुकडा जोडलेला असे. तो मागे दुमडला की बोटे मोकळी होतात. आणि प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, तरी हातातल्या वाघनखांना त्याची काही आडकाठी झाली नाही, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते.

दुसरी खरी अडचण खांद्याची. शिवलेल्या चिलखतात बाही बगलेत कशी जोडली आहे, यावर हात किती वर जातो हे ठरते. जाड कापडाच्या थरांची बाही साध्या सदऱ्यासारखी जोडली, तर हात खांद्याच्या वर नेताना सगळा अंगरखाच वर ओढला जातो. म्हणून अंगावर बेतलेले चिलखत आणि कोठारातून उचललेले चिलखत यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बाराबंदी यांनी दिलेल्या आकड्यांत फुल प्लेटला ३५ आणि हाफ प्लेटला ४० आहेत. वरवर हे उलटे वाटते, पण त्याच आवृत्तीत फुल प्लेट मालकाच्या मापाने कारागिराकडून बसवून घ्यावे लागे आणि दुसऱ्याचे मिळाले तर मापात बसवण्याचा खर्च दोन चौफाशांच्या बेरजेच्या शंभरपट सोन्याच्या नाण्यांइतका असे. ज्याने कोणी ते आकडे ठरवले त्याला शिंप्याचे काम समजत होते.

जाता जाता एक गाऱ्हाणे. पाचव्या आवृत्तीत कापडी चिलखताला सगळ्यांत खालचा, म्हणजे ११ अधिक चपळाईचा, आर्मर क्लास आणि वर लपून राहण्यावर डिसअॅडव्हान्टेज दिला आहे. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या फर्मानात सैनिकांच्या अंगरख्यासाठी कापडाचे २५ ते ३० थर आणि वर हरणाचे कातडे सांगितले होते. सोलापुरात बसून कापडाची ही अवहेलना वाचवत नाही.

उत्तररात्र

चर्चा आवडली, पण एक मूळ प्रश्न सुटला आहे. तुमच्या जगात चिलखत मंत्राला का अडवते? कारण ठरवल्याशिवाय नियम केला, तर तो टेबलावर प्रत्येक अपवादाला वाद घालत बसेल.

लोखंड जादूला मारते ही समजूत युरोपात आहे तशी आपल्याकडेही आहे. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवतात ती त्याचसाठी. ते कारण मानले, तर कापड आणि चामडे मोकळे, पोलाद बंद आणि हातात तलवार घेतली तरी अडचण, असा नियम निघेल. उलट महाभारत डोळ्यांपुढे ठेवले, तर सगळे महारथी कवच घालूनच अस्त्रांचे मंत्र म्हणतात आणि द्रोणाचार्य तर जयद्रथवधाच्या दिवशी मंत्राने भारलेले कवच दुर्योधनाच्या अंगावर स्वतः बांधतात. त्या परंपरेत कवच आणि मंत्र यांचे वैर नाहीच. दख्खनच्या मोहिमेत मला ही दुसरी बाजू जास्त जवळची वाटते.

भुईकोट

सगळ्यांचे आभार. उत्तररात्र यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. आमच्या जगात लोखंड मंत्राला मारत नाही. तसे मानले तर योद्ध्याशेजारी उभ्या असलेल्या विझार्डचे काय, लोखंडी दाराआड टाकलेल्या मंत्राचे काय, असे फाटे फुटत राहतील. अडचण शरीराची आहे. हात आणि खांदे हवे तसे हलत नाहीत, एवढेच कारण पुरे आहे, आणि मग निव्वळ उच्चाराच्या मंत्रांना सूट का, हेही आपोआप पटते.

हातमाग अण्णांच्या माहितीमुळे एक बदल करावासा वाटतो. चिलखत मापाने बसवून घेतले असेल, तर किंमत एका पायरीने कमी व्हावी. म्हणजे मापाचे मध्यम चिलखत जादा किंमत मागणार नाही आणि मापाचे जड चिलखत एकच पायरी मागेल. कॅन्ट्रिपही त्याच हिशेबाने सुटतील.

त्रैराशिक

थांबा, हा बदल धोक्याचा आहे. मापाचे हाफ प्लेट फुकट झाले, तर विझार्डला थोडे नाणे खर्चून आर्मर क्लास १७ मिळतो आणि समोर फक्त डिसअॅडव्हान्टेज उरतो. विझार्डचे मंत्रफटके बुद्धीवर चालतात आणि मंत्रावरची एकाग्रता कणखरपणावर, त्यामुळे त्या दोन्हींना धक्का लागत नाही. लागतो तो पुढाकाराच्या फेकीला आणि चपळाईच्या बचावाला. ही किंमत आहे, पण पुरेशी नाही.

तरीही मला वाटते की आपण सगळे चुकीच्या वस्तूकडे बोट दाखवत आहोत. शत्रूला फटक्याच्या वीसफाशावर अधिक पाच आहेत असे धरू. मेज आर्मरच्या १५ ला तो ५५ टक्के वेळा लागतो. हाफ प्लेटच्या १७ ला ४५ टक्के. इथवर काही आभाळ कोसळत नाही. आता हातात ढाल दिली की आर्मर क्लास १९ होतो आणि फटका ३५ टक्क्यांवर येतो. त्यावर प्रतिक्रियेत 'शील्ड' मंत्र टाकला की पाच वाढून २४ होतात आणि शत्रूला १९ किंवा २० च आणावे लागतात, म्हणजे १० टक्के. चिलखत आणि ढाल नसलेला, फक्त मेज आर्मरवरचा विझार्ड तोच मंत्र टाकून २० वर पोहोचतो आणि त्याला ३० टक्के फटके लागतात. टेबलावर जो विझार्ड कुणालाच लागत नाही अशी तक्रार असते, तो घरच्या नियमांतून आलेला नसतो. तो एक पातळी क्लेरिकची घेऊन, मध्यम चिलखत आणि ढाल कायदेशीरपणे उचलून आलेला असतो. त्याने त्यापायी फक्त एवढेच गमावलेले असते की फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या पातळीला हाती येतो, आणि स्लॉट तर एकूण पातळीनुसार मिळतच राहतात.

यावर अर्धा उपाय पुस्तकातच आहे आणि बहुतेक टेबलांवर तो पाळला जात नाही. हातवाऱ्यांना एक हात मोकळा लागतो. मंत्रात साहित्य लागत असेल, तर ज्या हातात साहित्याच्या जागी चालणारी जादूची काठी आहे त्याच हाताने हातवारे चालतात. पण 'शील्ड' मंत्राला साहित्य लागत नाही, फक्त उच्चार आणि हातवारे लागतात. म्हणजे एका हातात ढाल आणि दुसऱ्यात काठी असेल, तर हात गुंतलेले असतानाही हातवारे करू देणाऱ्या 'वॉर कास्टर' फीटशिवाय तो मंत्र टाकताच येत नाही. हे नीट पाळा, निम्मे काम झाले. आणि उरलेल्या निम्म्यासाठी, हातातली ढाल आणि 'शील्ड' मंत्र यांची बेरीज होत नाही, त्यातला मोठा आकडाच धरला जातो, एवढे एक वाक्य घरच्या नियमांत घाला.

बाराबंदी

ढालीबद्दल सहमत. आमच्या काळी टॉवर शील्डला ५० टक्के ठेवले होते ते उगाच नाही.

मापाच्या चिलखताला मात्र माझाही विरोध आहे, वेगळ्या कारणाने. माप बसले म्हणून सवय होत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे मानाचे सात नंदीध्वज (उंच काठ्या) निघतात, तेव्हा तो ध्वज पेलून चालणारा माणूस बाराबंदी (बारा बंदांचा अंगरखा) घालून पहिल्याच दिवशी पुढे आलेला नसतो. आधी सराव करतो, भार कमरेवर कसा घ्यायचा आणि वाऱ्याला तोल कसा द्यायचा हे जुन्या मानकऱ्यांकडून शिकतो. चिलखतही तसेच आहे. म्हणून पैसा टाकून सूट देण्यापेक्षा तालीम करून सूट द्या. नवी भाषा किंवा नवे अवजार शिकण्यासाठी २०१४ च्या पुस्तकात २५० दिवस आणि रोजचे एक सोन्याचे नाणे सांगितले आहे. तेच हलक्या चिलखताला लावा. ते झाले की मध्यमसाठी पुन्हा तितकेच.

शिवाय तुमची मोहीम सोलापुरात आणि बहुधा वैशाखात चालली आहे, तर डन्जन मास्टर्स गाइडमधला उष्म्याचा नियम काढा. १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या वर पिण्याचे पाणी नसेल, तर दर तासाला कणखरपणाचा बचाव करावा लागतो. गाठायचा आकडा पहिल्या तासाला पाच आणि पुढे दर तासाला एकेक वाढत जाणारा. मध्यम किंवा जड चिलखत घातलेल्याला त्यावर डिसअॅडव्हान्टेज येतो. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. यात योद्धाही भाजून निघेल, फक्त विझार्ड नव्हे, आणि ते न्यायाचेच आहे.

पळसफूल

काल मूळ मसुदा, म्हणजे मापाची सवलत न धरता, खेळून पाहिला. सर्वांच्या उपयोगासाठी वृत्तांत देते.

स्लॉट विसरू नयेत म्हणून मी ताटलीत चिंचोके मांडले होते. पहिल्या ओळीत चार, दुसऱ्या ओळीत तीन, तिसऱ्या ओळीत दोन. खंदकापलीकडे तटावर तिरंदाज होते. पुढाकाराच्या फेकीवर १७ आणि ४ पडले आणि डिसअॅडव्हान्टेजमुळे ४ घ्यावे लागले, त्यामुळे माझी पाळी येईपर्यंत दोन बाण मला लागून गेले होते. फायरबॉलचा प्रश्नच नव्हता. मग क्षणात दुसऱ्या जागी नेणारा 'मिस्टी स्टेप' टाकला. तो निव्वळ उच्चाराचा असल्यामुळे दुसऱ्या ओळीतला एकच चिंचोका गेला आणि मी खंदक ओलांडून तटावर उभी राहिले. पुढच्या पाळीला 'थंडरवेव्ह' हा समोरच्यांना ढकलणारा, हातवाऱ्यांचा पहिल्या पायरीचा मंत्र टाकताना पहिल्या ओळीत चार चिंचोके तसेच पडून असताना दुसऱ्या ओळीतला उचलावा लागला, तेव्हा हात खरोखर अडखळला. पण दोन तिरंदाज खंदकात गेले आणि तो निर्णय माझा होता. फासा फसला म्हणून पाळी वाया गेली, असे एकदाही झाले नाही.

त्रासाबद्दल विचारले होते, तर एवढेच सांगते की चिंचोके होते म्हणून हिशेब चुकला नाही. तोंडी ठेवला असता तर दुसऱ्याच फेरीत घोळ झाला असता. आणि लढाई संपल्यावर लक्षात आले की मध्यम चिलखत उतरवायला एक मिनिट लागते, म्हणजे पुऱ्या दहा फेऱ्या. ऐन लढाईत विचार बदलला तरी काही उपयोग नसतो.

हातमाग

वृत्तांत उत्तम. झोपेचाही एक नियम २०१७ च्या झॅनाथरच्या (जादा नियमांच्या) पुस्तकात आहे. मध्यम किंवा जड चिलखत घालून रात्र काढली, तर खर्चलेल्या हिट डाइसपैकी (जखमा भरून काढायच्या फाशांपैकी) चौथाईच परत मिळतात आणि थकवा उतरत नाही. रात्रीच्या हल्ल्यांची मोहीम असेल तर तो वापरावा. आणि माझ्या कापडाचे काय झाले?

भुईकोट

अण्णा, कापडी चिलखतावरचा लपण्याचा डिसअॅडव्हान्टेज काढून टाकला आहे. आर्मर क्लास मात्र ११ च राहील.

बाकीचे ठरले ते असे. मूळ मसुदा कायम राहील आणि मापाची सवलत मागे घेतो. तालमीचा नियम बाराबंदी काकांनी सांगितला तसाच, मात्र शिकवणारा गटातला योद्धा असेल तर रोजचे नाणे द्यावे लागणार नाही, त्याच्या जेवणाचे तेवढे बघावे. हातातली ढाल आणि 'शील्ड' मंत्र यांची बेरीज होणार नाही, आणि हा नियम प्रोफिशियन्सी असलेल्यांनाही, म्हणजे क्लेरिकची एक पातळी घेऊन आलेल्यांनाही, लागू राहील. मोकळ्या हाताचा नियम पुस्तकाप्रमाणे काटेकोर पाळला जाईल. उष्म्याचा नियम पुढच्या रविवारपासून सुरू होईल, तेव्हा पखाली भरून घ्या. झोपेचा नियम तूर्त नको, कारण एका वेळी इतके बदल केले तर कोणालाच काही आठवणार नाही.

पळसफूल

मान्य आहे. मग मी हाफ प्लेट विकते. पुस्तकात किंमत ७५० नाणी आहे आणि वापरलेल्याला निम्मी मिळते, म्हणजे ३७५. त्यातून ४५ चे स्टडेड लेदर घेऊन तालीम सुरू करते. २५० दिवसांनी मेज आर्मरचा रोजचा स्लॉट वाचेल, तेवढ्यासाठी आर्मर क्लासचा एक आकडा सोडायला मी तयार आहे. तळघरात सापडलेल्या पोथीतले तिसऱ्या पायरीचे दोन मंत्र माझ्या वहीत उतरवायचे आहेत. पायरीमागे ५० प्रमाणे त्याचे ३०० होतात. उरलेल्या ३० मध्ये उन्हाळ्यासाठी पाणी वाहणारे खेचर येईल का?

भुईकोट

खेचर ८ नाण्यांना आहे. चारा आणि पखाली वेगळ्या धरा.